भैरूची बंडी

“त्याच्या खांद्यात असं काय आहे, जे माझ्या खांद्यात नाही?”

उन्मेषनं हे विचारलं तेव्हा केसोबुवा ओट्यावर बसून पावटे सोलत होते.

“हाड,” बुवा म्हणाले.

“म्हणजे?”

“तुझ्यातही असेल. मी पाहिलेलं नाही.”

उन्मेषनं बुवांच्या मांडीवरच्या शेंगांकडं पाहिलं. मग निघाला. जाताना त्यानं पायात चपला अशा सरकवल्या, जणू सगळा गुन्हा त्या चपलांचाच होता.

बुवा पुढची शेंग चाचपू लागले.

मी सगुणा. मठाचा स्वयंपाक करते, त्याला एकोणीस वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी घाटाच्या वरच्या पायरीवर उघडते. त्यामुळे मठात जे घडतं ते मला पाहावं लागतं आणि जे बोललं जातं ते ऐकावं लागतं. माझा नाइलाज असतो, असं मी सगळ्यांना सांगते.

आमच्या मठात कुणी पाया पडत नाही. बुवा कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नाहीत, पाठीवरून फिरवत नाहीत, प्रसादसुद्धा पानावर ठेवून पुढे सरकवतात. त्यांच्या गुरूंचीही हीच रीत होती. त्यांनी फक्त शेवटच्या वर्षी नदीवर जाता-येता केसोबुवांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढं गादीवर केसोबुवा बसले.

तेव्हापासून मठात एकच समजूत आहे. ज्याच्या खांद्यावर हात, त्याची गादी.

आणि दसऱ्यानंतर एके दिवशी बुवांनी हात ठेवला तो भैरूच्या खांद्यावर.

भैरूच्या!

भैरूला मठात येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्याआधी तो ऊस वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर होता. सगळी उमर ट्रकच्या मागे उभं राहून ड्रायव्हरला वाट दाखवण्यात गेली. ती सवय अंगात एवढी मुरलेली की मी पाण्याचा हंडा घेऊन दारातून मागं सरकले तरी हा मागून आपला सुरू, “येऊ द्या, येऊ द्या... बास!” ग्रंथ उघडला की त्याला जांभई यायची. आरतीत टाळ वाजवायला दिले तर ते एका चालीत आणि आरती दुसऱ्या.

उन्मेष दोन वर्षं मठात होता. पुण्यातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून आला होता. ग्रंथ तोंडपाठ, तीन-तीन तास आसनावर, उपवासाला पाण्याचा थेंब नाही. माघी पौर्णिमेच्या उत्सवात बुवा आपल्यामागे कोण ते सांगणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते नाव उन्मेषचं असणार हेही सगळे धरून चालले होते. सगळ्यांत जास्त उन्मेष.

रोज संध्याकाळी तो माझ्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. घाटाला त्रेसष्ट पायऱ्या. भैरू अंग तिरकं करून एक पायरी पुढं, बुवा मागं, त्यांचा उजवा हात भैरूच्या डाव्या खांद्यावर. सावकाश उतरायचे.

“किती हळू चालतात बघा,” उन्मेष म्हणायचा. “त्याच्याशी चालताना बुवांना घाई नसते.”

मी भाकरी थापत राहायची.

एकदा त्यानं माझा हातच धरला. “मावशी, त्याचे ओठ बघा.”

मी पाहिलं. भैरूचे ओठ हलत होते. प्रत्येक पायरीला हलत होते.

“नाम दिलंय बुवांनी त्याला.” उन्मेष म्हणाला. “ज्याला ‘ज्ञान’ आणि ‘अज्ञान’ यांतला फरक सांगता येत नाही, त्याला नाम दिलंय!”

माझंही सांगते. मलाही जळलं.

एकोणीस वर्षं बुवांनी माझ्या हातचं खाल्लं. ताप आला तर काढा मी करून दिला, तोही वाटी खाली ठेवून. त्या हाताचं एक बोट मला कधी लागलं नाही. उन्मेष निदान उघड जळायला मोकळा होता. तो गादीवर बसू शकला असता. माझाही खांदा आहे, हे मठात कुणाच्या ध्यानातसुद्धा आलेलं नव्हतं.

संक्रांतीला उन्मेष पुण्याला जाऊन आला. येताना एक पिशवी आणली, आणि सगळे जेवून पांगल्यावर ती माझ्यापुढं रिकामी केली.

“ह्ये काय रं?” मी विचारलं.

“जाकीट आहे, मावशी. आम्ही कंपनीत हेच करायचो.”

त्यानं जाकीट उलटं करून दाखवलं. आतून नखाएवढ्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांच्या रांगाच रांगा होत्या. बोटानं दाबलं तर कानाच्या पाळीसारख्या लागल्या.

“प्रत्येकीत थोडं तेल आहे. वीज लागली की पिशवीच्या कडा आक्रसतात आणि मधला भाग फुगतो. कुठली किती फुगवायची ते हा फोन ठरवतो. सगळ्या मिळून फुगल्या की कातडीला वाटतं, कुणीतरी हात ठेवलाय.”

“नुसतं वाटतं?”

“कातडीला फरक कळत नाही.”

“आनि घेतंय कोन असलं?”

“खेळ खेळणारे. आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत असे आईवडील.”

मग त्यानं हातरुमालाएवढा कापडाचा एक तुकडा काढला. हात कुठं पडला, किती जोरानं पडला, किती वेळ राहिला, हे सगळं तो तुकडा टिपून घेतो म्हणे. नंतर जाकीट घालायचं, की तोच हात, तसाच, आपल्या खांद्यावर.

त्यानं पुढं काही सांगितलं नाही. तुकडा माझ्या सुईच्या डब्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

भैरूची बंडी खांद्यावर उसवली होती, हे खरं आहे. पण महिनाभर उसवलेली ती बंडी मी नेमकी त्याच दिवशी का शिवायला घेतली, हे मला विचारू नका. विचारलंत तर सांगते. हेव्यानं.

भैरूनं बंडी घातली आणि दोन्ही खांदे उडवून पाहिले.

“आक्का, लई झ्याक शिवलीसा.”

“व्हय.”

“खांद्याला जरा जाड लागतंय.”

“आस्तर घातलंय.”

“ब्येस केलं. थंडीचं बरं.”

मी चुलीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठात चटणी झाली नाही. मिक्सरच्या जागी उन्मेषच्या जाकिटाची बॅटरी भरत होती. भैरू अंघोळीला उतरला तेव्हा उन्मेषनं खुंटीवरच्या बंडीतून तो तुकडा सोडवून आणला होता. आता त्यानं जाकीट उघड्या अंगावर चढवलं, भिंतीला पाठ लावून बसला आणि फोनवर बोट ठेवलं.

त्याचे डोळे मिटले.

थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“मावशी... काय धरतात बुवा त्याला! किती घट्ट. सोडतच नाहीत.”

“मला दे,” मी म्हणाले.

त्यानं जाकिटाचे बंद आणखी घट्ट धरले.

“दे की रं. मला न्हाई व्हय खांदा?”

मी ते लुगड्यावरूनच घातलं. उन्मेषनं बोट टेकवलं, आणि हात आला.

आधी अंगठा आला, मग चारही बोटं. ऊब नव्हती, एवढंच. बाकी हातच होता तो. एकोणीस वर्षं मी ज्याच्यापुढं वाटी सरकवत आले तो हात माझ्या खांद्यावर होता. चोरीचा होता, तरी मला तो हवा होता.

मग त्याचं वजन आलं.

बोटं आवळली गेली. थांबली. सगळा भार एकदम खाली आला. बोटं सैल झाली. लगेच पुन्हा आवळली. पुन्हा भार. पुन्हा सैल. मधेच एकदा हात सटकला आणि त्यानं माझा खांदा असा पकडला की मी खरंच कळवळले.

असा हात मला ओळखीचा होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यावर सहा वर्षं मी माझ्या सासूबाईंना न्हाणीघरात नेत होते. अगदी असाच हात.

मी जाकीट काढलं.

“उन्मेष, ह्यो आशीर्वाद न्हवं रं.”

“मग काय आहे?”

मला सांगता येईना.

“तुम्हाला नाही कळायचं, मावशी,” तो प्रेमानं म्हणाला, आणि जाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.

तो गेल्यावर मला एकेक आठवायला लागलं. दसऱ्यापासून बुवा पानावर बसले की विचारायचे, “सगुणे, आज मीठ कुठल्या अंगाला?” मला वाटायचं, म्हातारपणी खोड लागली. पावटे स्वतः मागून घ्यायचे आणि ग्रंथ भैरूकडून वाचून घ्यायचे, अडखळत का होईना. तरी मला वाटायचं, लाड चाललेत भैरूचे. रोज दोन वेळा समोर बसून वाढणारी बाई मी. पण माझे डोळे सगळा वेळ त्या खांद्यावर.

संध्याकाळी भैरू दळण घेऊन गिरणीवर गेला होता. ऊन नदीच्या पलीकडच्या काठावर गेलं होतं. बुवा घाटाच्या तोंडाशी बसले होते. उन्मेष जाकीट घालूनच त्यांच्यापुढं उभा राहिला.

“बुवा, मला मिळालं.”

“काय?”

“तुम्ही जे त्याला देत होतात ते.”

त्यानं सगळं सांगितलं. जाकीट, तुकडा, बंडी. फक्त बंडी कुणी शिवली ते सांगितलं नाही.

मी बाहेर आले. “बंडी मी शिवली, बुवा.”

“मग टाका नीट असेल,” बुवा म्हणाले.

त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

उन्मेष थांबायला तयार नव्हता. “आता मी रोज घेईन. तो इथं असो नसो.” तो जरा घुटमळला. “तुम्ही असा नसा.”



“मला घाल ते,” बुवा म्हणाले.

उन्मेषनं जाकीट काढून त्यांना घातलं, बंद लावले, फोनवर बोट ठेवलं.

बुवांचा डावा खांदा खाली दबला. ते ताठ बसले. त्यांनी मान वळवली, मागं कुणी येऊन उभं राहावं तशी. मग आपला उजवा हात उचलून त्या जागी ठेवला, जिथं तो दुसरा हात होता.

“हा कुणाचा हात?”

“तुमचाच, बुवा.”

“माझा...”

बुवांनी हात तिथंच राहू दिला. एक पायरी गेली असेल, दोन गेल्या असतील, दहा गेल्या असतील.

“एवढा घाबरतो हा?”



“भैरू कधी बोलला नाही,” बुवा म्हणाले.

माझ्यानं राहवलं नाही. “बुवा, तुमास्नी दिसत न्हाई?”

“उजेड दिसतो, सगुणे. पायरी नाही दिसत.”

“मग तुमी बोलला का न्हाई कुनाला?”

“तू पावटे सोलायला दिले नसतेस.”

मी पदर तोंडाला लावला.

“माझ्या गुरूंना शेवटच्या वर्षी पायरी दिसत नव्हती,” बुवा बंद सोडत म्हणाले. “वर्षभर माझा खांदा हिरवानिळा होता. लोक विचारायचे, काय मिळालं? मी म्हणायचो, कृपा.”

“नव्हती?” उन्मेषनं विचारलं.

बुवांनी जाकीट काढलं. जाकिटाची घडी घातली आणि माझ्या दिशेनं धरली. जरा चुकीच्या दिशेनं. मी सरकून घेतली.

एवढं ऐकल्यावर उन्मेषला लाज वाटायला हवी होती. पण त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे भैरूला गादी नाही! तो नुसता आधाराला होता!”

मला त्याचा राग आला. पण खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात सगळ्यांत आधी तेच आलं होतं. भैरूला काहीच मिळालेलं नाही, आणि केवढं हायसं वाटलं होतं मला!

बुवा हसले.

“आणि नाम?” उन्मेष पुढं वाकला. “प्रत्येक पायरीला त्याचे ओठ हलतात. मी रोज पाहतो. ते तर तुम्हीच दिलंय ना त्याला?”

“नाही.”

“मग?”

“ते त्यानं मला दिलं.”

“भैरूनं? तुम्हाला?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या पायरीवर. तेव्हापासून मी त्याच्यावरच उतरतो.”

उन्मेषला हे पचेना. पण हाव मोठी असते.

“मला द्याल ते?”

“गादी नको?”

“दोन्ही,” तो म्हणाला. निदान खरं बोलला.

“चल तर,” बुवा म्हणाले. “भैरूला यायला वेळ आहे. माझी अंघोळ व्हायचीय.”

बुवा उठले. त्यांनी उजवा हात समोर धरला. तो हात हवेत इकडंतिकडं झाला. दसऱ्यापासून रोज तसाच होत असणार, आणि रोज त्याखाली भैरूचा खांदा आधीच येऊन थांबत असणार. म्हणून तर आम्हाला कधी दिसलं नाही.

उन्मेष धावला आणि आपला खांदा त्या हाताखाली नेला.

बुवांचा हात टेकला.

जाकिटाची घडी माझ्या छातीशी होती, तरी मला पुन्हा तसंच जळलं. मनात आलं, जाकीट फेकावं आणि आपण पुढं व्हावं.

उन्मेषनं डोळे मिटले. दोन वर्षं ज्यासाठी काढली ते त्याला मिळालं होतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

“गरम आहे,” तो पुटपुटला. “जाकिटात गरम नव्हतं, मावशी... इथं ऊब आहे...”

तो उभाच राहिला. मान जरा वर, चेहरा असा की देव समोर आहे.

बुवांनी पाऊल उचललं. ते पहिल्या पायरीच्या पुढं गेलं आणि तिथं घुटमळलं. खाली काय आहे, किती खाली आहे, हे पावलाला कळत नव्हतं. बोटं उन्मेषच्या खांद्यात रुतली. उन्मेषला ती मायाच वाटली असावी. तो आणखी हळुवार हसला.

माझे हात आपोआप पुढं झाले. जाकीट दगडावर पडलं.

“उन्मेष,” बुवा म्हणाले.

“हं...”

“ते नाम हवं होतं ना तुला?”

“हो, बुवा. द्या.”

“मग डोळे उघड,” बुवा म्हणाले. त्यांचं पाऊल अजून हवेतच होतं. “आणि ‘येऊ द्या’ म्हण.”